कमरेला खोचलेले पिस्तूल आणि उघडा चाप
विशेष प्रतिनिधी

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातील एका नाइट क्लबमध्ये २८ नोव्हेंबर २००८ च्या रात्री प्लॅक्सिको बरेस हा अमेरिकी फुटबॉलपटू आला, तेव्हा त्याच्या कमरेला ग्लॉक बनावटीचे .४० कॅलिबरचे भरलेले पिस्तूल होते. होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवण्याचे म्यान, नव्हते. पिस्तूल नुसतेच कमरेत खोचलेले होते. काही वेळाने ते सुटले आणि पँटच्या आतून पायावर घसरू लागले. हातातून निसटणारी वस्तू पकडण्यासाठी कोणीही हात पुढे करतो, तसाच बरेसनेही केला. घाईत बोट चापावर दाबले गेले आणि गोळी त्याच्याच उजव्या मांडीत शिरली.

जखम जीवघेणी नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला रुग्णालयातून घरी सोडण्यात आले. खरी किंमत त्यानंतर मोजावी लागली. त्याच वर्षी फेब्रुवारीत झालेल्या सुपर बोलच्या अंतिम क्षणी, सामना संपण्यास अवघे ३५ सेकंद उरले असताना, विजयी टचडाऊन करून त्याने न्यूयॉर्क जायंट्सला १७-१४ असे जिंकून दिले होते. सप्टेंबरमध्ये संघाने त्याच्याशी पाच वर्षांचा, साडेतीन कोटी डॉलरचा करार केला होता. फ्लोरिडा राज्याने दिलेला त्याचा शस्त्र बाळगण्याचा परवाना मात्र मे २००८ मध्येच संपला होता आणि न्यूयॉर्कमध्ये तो तसाही ग्राह्य नव्हता. न्यूयॉर्कच्या कायद्यात या गुन्ह्याला किमान साडेतीन वर्षांची शिक्षा होती. महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी, खेळाडू कितीही मोठा असला तरी सवलत मिळता कामा नये, अशी जाहीर भूमिका घेतली. एप्रिल २००९ मध्ये संघाने त्याला मुक्त केले. ऑगस्टमध्ये त्याने तुलनेने सौम्य कलमाखाली गुन्हा कबूल केला आणि त्याला दोन वर्षांचा तुरुंगवास झाला. जून २०११ मध्ये तो बाहेर आला.

या प्रकरणाची चर्चा त्या वेळी प्रामुख्याने परवाना, प्रसिद्धी आणि शिक्षा यांभोवतीच फिरली. शस्त्रे हाताळणाऱ्यांना मात्र त्यात एक जुनाच धडा दिसला. परवाना वैध असता, तरीही त्या रात्री गोळी सुटलीच असती. कारण चाप उघडा होता.

चाप दाबला की सारे कुलूप उघडते

पिस्तूल ‘आपोआप’ उडाले, असे आपण सर्रास वाचतो. वृत्तपत्रांच्या भाषेत ‘रिव्हॉल्व्हर साफ करताना चुकून गोळी सुटली’ हे वाक्य तर इतके रुळले आहे, की चूक नेमकी कोणाची आणि कोणती, हे विचारण्याची गरजही कोणाला भासत नाही. सुस्थितीतील आधुनिक पिस्तूल आपोआप उडत नाही. कशाने तरी चाप मागे ओढला जावा लागतो. ते काम बोटाने केले, किल्लीने केले, की सदऱ्याच्या टोकाने केले, यातील फरक पिस्तुलाला कळत नाही.

ऑस्ट्रियाचे अभियंते गॅस्टन ग्लॉक यांनी बनविलेले पिस्तूल १९८० च्या दशकाच्या प्रारंभी त्या देशाच्या लष्कराने स्वीकारले आणि पुढे जगभरच्या पोलीस दलांत ते पसरले. त्याआधीच्या अनेक पिस्तुलांना बाजूला एक खटका असे. तो अंगठ्याने सरकविल्याखेरीज गोळी झाडता येत नसे. ग्लॉकने हा बाहेरचा खटका काढून टाकला. त्याऐवजी आत तीन सुरक्षा व्यवस्था बसविल्या. एक चापाच्याच दर्शनी भागात असलेली छोटी पट्टी, दुसरी काडतुसावर आघात करणाऱ्या पिनेला अडविणारी आणि तिसरी, पिस्तूल खाली पडल्यास ती पिन पुढे जाऊ न देणारी. संकटाच्या क्षणी खटका शोधत बसावे लागू नये, हा त्यामागचा विचार. पोलिसांना तो पटला आणि आज अनेक कंपन्यांची पिस्तुले याच धर्तीवर बनतात.

या तिन्ही व्यवस्था चाप सरळ मागे ओढला की एकामागून एक बाजूला होतात. पिस्तूल जमिनीवर आपटले, त्याला धक्का बसला किंवा चापाला केवळ कडेने काही घासले, तर त्या उपयोगी पडतात. चापाच्या मध्यावर दाब आला तर मात्र त्यांचा काहीही उपयोग नाही. कारण त्या दाबावर उघडण्यासाठीच त्या बनविल्या आहेत. हा दाब साधारण अडीच किलोचा असतो आणि चाप मागे जातो तो जेमतेम सव्वा सेंटिमीटर. दोन-अडीच किलो भाजीची पिशवी आपण एका बोटाला अडकवून घरी आणतो, हे लक्षात घेतले म्हणजे हा दाब किती किरकोळ आहे याची कल्पना येईल.

याचाच अर्थ असा, की या जातीच्या पिस्तुलाची रचना करणाऱ्यांनी होल्स्टर गृहीत धरलेले आहे. बाहेरचा खटका काढला, तेव्हा त्याची जबाबदारी दोघांवर आली : हातात असताना बोटावर आणि हातात नसताना होल्स्टरवर. होल्स्टर काढून घेतले की सुरक्षेचा एक भागच नाहीसा होतो. जुन्या, खटका असलेल्या पिस्तुलांनाही हे काही अंशी लागू आहे. कमरेला घासून घासून खटका नकळत खाली सरकतो आणि पिस्तूल बाळगणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

प्रशिक्षित माणसांचीही यातून सुटका नसते, हे वॉशिंग्टनच्या पोलिसांनी अनुभवले. तेथील दलाने १९८८ मध्ये ग्लॉक स्वीकारले. दहा वर्षांनी, १९९८ मध्ये, ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने या दलातील गोळीबारांची मालिकाच प्रसिद्ध केली. या काळात दलात चुकून गोळी सुटण्याचे १२० हून अधिक प्रसंग घडल्याचे तीत दाखवून दिले होते. पिस्तूल नवे, भरती घाईची आणि सराव अपुरा, असा तो एकूण मामला होता. त्या मालिकेला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिकही मिळाले. पूर्णवेळ शस्त्र वापरणाऱ्या दलाची ही कथा असेल, तर वर्षातून एकदाही सराव न करणाऱ्या परवानाधारकाबद्दल वेगळे काय सांगावे?

कमर ही जागा कशी आहे?

पिस्तूल कमरेला खोचण्याची पद्धत चित्रपटांनी घरोघर पोहोचविली. नायक असो वा खलनायक, पाठीमागे कमरेत हात घालून तो क्षणार्धात पिस्तूल काढतो. पडद्यावर ते कधी घसरत नाही, कारण ते पिस्तूल रिकामे असते आणि चित्रण काही सेकंदांचे असते. प्रत्यक्षात माणूस दिवसभर उठतो, बसतो, वाकतो, जिने चढतो, गाडीत शिरतो. प्रत्येक हालचालीबरोबर पोटाचा घेर आणि पट्ट्याचा ताण बदलतो. भरलेल्या पिस्तुलाचे वजन पाऊण ते एक किलो. त्यातले बरेचसे मुठीकडे, म्हणजे पट्ट्याच्या वर. पोलादी भाग गुळगुळीत, त्यात घाम. अशी वस्तू केवळ कापडाच्या दाबावर एका जागी राहील, ही अपेक्षाच चुकीची आहे. ती फिरते, कलते, खाली सरकते. मग माणूस सतत हात लावून ती जागेवर आणत राहतो आणि प्रत्येक वेळी बोटे चापाच्या आसपास फिरत राहतात. लपविलेले शस्त्र लपून राहत नाही, ते त्यामुळेच; सराईत पोलीस कमरेकडे वारंवार जाणारा हात चटकन ओळखतात.

खोचलेल्या पिस्तुलाची नळी कुठे रोखलेली असते, हेही पाहायला हवे. पुढे खोचले तर जांघ आणि मांडी, मागे खोचले तर माकडहाड आणि नितंब. जांघेतून मांडीत उतरणारी मोठी रोहिणी तुटली, तर रक्तस्राव इतक्या वेगाने होतो, की काही मिनिटांत माणूस दगावू शकतो. बरेस वाचला तो गोळी या रोहिणीला चुकवून गेली म्हणून. मागच्या बाजूला खोचलेले पिस्तूल आणखी एका कारणाने वाईट. माणूस पाठीवर पडला तर तेवढा एक किलो पोलाद थेट कण्याखाली येतो.

सर्वाधिक अडचणीची जागा मात्र स्वच्छतागृह. पट्टा सैल केला की कमरेतल्या पिस्तुलाचा एकमेव आधार जातो. ते काढून कुठे तरी ठेवावे लागते आणि निघताना विसरते, किंवा पडते आणि झेलण्याचा प्रयत्न होतो. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील युटा राज्यातील एका प्राथमिक शाळेच्या स्वच्छतागृहात शिक्षिकेने जवळ बाळगलेल्या पिस्तुलातून गोळी सुटली. तेथील कायद्यानुसार शिक्षकांना शाळेत शस्त्र नेता येते. गोळीने शौचकूप फुटले आणि उडालेल्या तुकड्यांनी त्या शिक्षिकेच्या पायाला जखमा झाल्या. शाळेची वेळ नुकतीच सुरू होत होती.

पडते ते पडू द्यावे

डेन्व्हर शहरात जून २०१८ मध्ये घडलेल्या एका प्रसंगाची चित्रफीत जगभर पाहिली गेली. सुटीवर असलेला ‘एफबीआय’चा एक अधिकारी एका बारमध्ये नाचता नाचता उलटी कोलांटी मारतो. त्याच्या कमरेचे पिस्तूल जमिनीवर पडते. पडल्यावर काहीही होत नाही. अधिकारी लगबगीने ते उचलतो आणि त्याच क्षणी गोळी सुटते. ती समोरच्या एका ग्राहकाच्या पायाला लागली. अधिकाऱ्याने पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला. या चित्रफितीवर विनोद पुष्कळ झाले. परंतु बरेसच्या प्रकरणाशी तिचे साम्य नीट पाहण्यासारखे आहे. दोन्ही ठिकाणी पिस्तूल पडण्या-घसरण्याने उडाले नाही. उडाले ते हाताने.

निसटती वस्तू पकडताना हाताची पाचही बोटे एकदम मिटतात. चारच बोटे मिटावीत आणि तर्जनी बाजूला राहावी, असे त्या घाईत शरीराला शिकविणे फार कठीण. म्हणून पडणारे पिस्तूल झेलू नये, ते पडू द्यावे आणि नंतर सावकाश, चाप टाळून उचलावे, असे प्रशिक्षक सांगतात. स्वयंपाकघरात हातातून सुरी सुटली तर आपण पाय मागे घेतो, हात पुढे करीत नाही, तीच शिस्त.

हा सल्ला आधुनिक शस्त्रांना लागू आहे. जुन्या रिव्हॉल्व्हरची गोष्ट वेगळी. अमेरिकेच्या पश्चिम भागातील दंतकथा बनलेला पोलीस वायट अर्प जानेवारी १८७६ मध्ये कॅन्ससमधील विचिटा येथे एका मद्यालयात खुर्चीवर बसला होता. त्याचे रिव्हॉल्व्हर म्यानातून निसटून खाली पडले आणि उडाले. गोळी त्याच्या कोटातून आरपार जाऊन छतात घुसली. त्या काळच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा थेट भरलेल्या काडतुसावर टेकलेला असे. घोड्यावर आघात झाला, की गोळी सुटलीच. म्हणून जाणकार माणसे सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच काडतुसे भरीत आणि घोड्याखालचे घर रिकामे ठेवीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयव्हर जॉन्सन या कंपनीने चाप ओढल्याखेरीज घोड्याचा आघात पिनेपर्यंत पोहोचणार नाही अशी मधली पट्टी बसविली आणि घोड्यावर खुशाल हातोडी मारा, अशा जाहिराती केल्या. तरीही जुन्या पद्धतीची रिव्हॉल्व्हरे पुढे अनेक दशके बनत राहिली. रुगर या नामांकित कंपनीने आपल्या या जातीच्या रिव्हॉल्व्हरांत तशी पट्टी बसविली ती १९७३ मध्ये.

नव्या शस्त्रांतही त्रुटी राहून जातात. सिग सॉअर कंपनीचे पी ३२० हे पिस्तूल विशिष्ट कोनात पडल्यास उडू शकते, असे २०१७ मध्ये चाचण्यांतून पुढे आले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने जुन्या पिस्तुलांत सुधारणा करून देण्याची योजना जाहीर केली. वायट अर्पच्या प्रसंगातून आणखी एक गोष्ट निघते. त्याच्याकडे म्यान होते, पण ते शस्त्र धरून ठेवणारे नव्हते.

मुंबईकरांना या सगळ्याची आठवण १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे झाली असेल. अभिनेते आणि माजी खासदार गोविंदा जुहू येथील आपल्या घरातून कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होते. परवाना असलेले रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून निसटले, खाली पडले आणि गोळी त्यांच्या डाव्या पायात गुडघ्याखाली शिरली, असे त्यांच्या व्यवस्थापकाने सांगितले. शस्त्रक्रिया करून गोळी काढण्यात आली आणि ४ ऑक्टोबरला ते घरी परतले. येथे पिस्तूल कमरेला नव्हते. परंतु भरलेले शस्त्र मोकळ्या हाताने एका जागेवरून दुसऱ्या जागी हलविणे, हा धोका तोच आहे. होल्स्टरसह शस्त्र हलविले, तर हात चापाच्या जवळही जात नाही. घरात ठेवायचे असेल तर काडतुसे आधी काढून घेणे, हा त्याहून साधा उपाय.

पर्स, पिशवी आणि खिसा

कमरेला नको म्हणून पुष्कळ जण शस्त्र पिशवीत किंवा पर्समध्ये टाकतात. कानपूरच्या आयुध निर्माणीने जानेवारी २०१४ मध्ये ‘निर्भीक’ हे पाचशे ग्रॅम वजनाचे .३२ कॅलिबरचे रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणले. ते पर्समध्ये सहज मावते, हा त्याचा एक गुण म्हणून सांगितला गेला. किंमत सव्वा लाखाच्या घरात असल्याने ते कितींच्या पर्समध्ये गेले असेल, हा प्रश्नच आहे. पण पर्समध्ये आणखी काय काय असते? किल्ल्या, पेन, कंगवा, लिपस्टिक, चार्जरची वायर. यांतील जवळजवळ प्रत्येक वस्तू चापाभोवतीच्या कड्यात शिरू शकते. पिशवी ओढली, आदळली किंवा आत हात घालून चाचपडले, की ती वस्तू बोटाचे काम करते. रिव्हॉल्व्हरचा चाप पिस्तुलापेक्षा बराच जड असतो, हा थोडासा दिलासा. पण घोडा आधीच मागे खेचलेला राहिला तर तोही उरत नाही.

पर्सचा दुसरा धोका असा, की ती अंगावर नसते. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहो राज्यातील हेडन या गावी वॉलमार्टच्या दुकानात एक तरुण आई खरेदी करीत होती. दोन वर्षांचा मुलगा सामानाच्या ट्रॉलीत बसला होता आणि पर्स त्याच्या हाताशी होती. त्याने पर्समध्ये हात घातला, पिस्तूल त्याच्या हाती आले आणि गोळी सुटली. आई जागीच मरण पावली. पर्स साधी नव्हती, शस्त्र ठेवण्यासाठी चेनचा स्वतंत्र कप्पा असलेली होती. आई निष्काळजी नव्हती. शस्त्रांची तिला माहिती होती. अडीच किलोचा दाब दोन वर्षांच्या मुलालाही दोन हातांनी देता येतो, हे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही.

पिशवीत टाकलेले शस्त्र विसरलेही जाते. अमेरिकेतील विमानतळांवर प्रवाशांच्या हातसामानात २०२३ या एका वर्षात ६,७३७ बंदुका सापडल्या आणि त्यांतील सुमारे ९३ टक्के भरलेल्या होत्या. बहुतेकांचे उत्तर एकच : पिशवीत आहे हे ध्यानातच नव्हते. नोव्हेंबर २०२१ मध्ये अटलांटाच्या विमानतळावर तपासणी सुरू असताना एका प्रवाशाने पिशवीतल्या पिस्तुलाकडे झेप घेतली आणि गोळी सुटली. ती कोणाला लागली नाही, मात्र गोळीबार झाल्याच्या समजाने सणाच्या गर्दीत मोठी पळापळ झाली आणि विमानसेवा काही काळ थांबवावी लागली.

खिशाचे गणितही असेच. खिशात पिस्तूल ठेवायचेच, तर त्या खिशात दुसरे काहीही नको आणि पिस्तूल खिशासाठी बनविलेल्या म्यानात हवे. अशी म्याने मिळतात. ती खिशातच राहतात, हात फक्त शस्त्र काढतो.

चांगले होल्स्टर म्हणजे काय?

होल्स्टर ही काही शोभेची वस्तू नाही आणि दागिन्यांसारखी ती कोणत्याही मापाची चालत नाही. त्याने चाप आणि त्याभोवतीचे कडे पूर्ण झाकले पाहिजे, ते कडक असले पाहिजे आणि पट्ट्याला घट्ट बसले पाहिजे. उलटे धरून हलविले तरी रिकामे पिस्तूल पडता कामा नये. पिस्तूल काढल्यावर त्याचे तोंड मिटता कामा नये. शेवटची अट क्षुल्लक वाटते, पण तीच बऱ्याचदा मोडते. वर्षानुवर्षे वापरून मऊ पडलेल्या चामड्याची कड आत दुमडते. पिस्तूल परत ठेवताना ती घडी चापाच्या कड्यात शिरते आणि खाली दाबणारा हातच गोळी झाडतो. म्हणून चामड्याचे होल्स्टर सैल पडले की ते टाकून द्यावे. अलीकडे कायडेक्स नावाच्या कडक प्लास्टिकची होल्स्टरे लोकप्रिय झाली आहेत. हे प्लास्टिक तापवून नेमक्या पिस्तुलाच्या आकारावर बसवितात, त्यामुळे ते दुसऱ्या पिस्तुलाला चालत नाही. बाजारात सर्व मापांना चालणारी म्हणून विकली जाणारी नायलॉनची स्वस्त होल्स्टरे या कसोट्यांना क्वचितच उतरतात. त्यांच्या कापडातून बाहेरूनही चाप दाबता येतो.

होल्स्टर असले तरी पिस्तूल परत ठेवण्याचा क्षण जोखमीचाच. सदऱ्याचे टोक, जाकिटाची नाडी, नाडीच्या टोकाचा प्लास्टिकचा मणी, यांपैकी काहीही आत जाऊ शकते. शस्त्र काढताना घाई समजू शकते. परत ठेवताना घाईचे काहीच कारण नसते. डोळ्यांनी पाहून, कपडा बाजूला धरून, बोट चापापासून दूर ठेवून ते ठेवावे. कोठीत काडतूसच ठेवू नये, हाही मार्ग काही देशांतील पोलीस व लष्कर वापरतात. पिस्तूल वापरण्यापूर्वी वरचा भाग मागे ओढावा लागतो, एवढाच त्यात विलंब. ज्याला होल्स्टर वापरायचेच नाही, त्याने निदान हे करावे.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेत २०२४ पर्यंत २९ राज्यांनी परवान्याशिवाय पिस्तूल लपवून बाळगण्यास मुभा दिली. तेथे प्रशिक्षणाची अटही ओघानेच गेली. दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये न्यूयॉर्कचा जुना परवाना कायदा रद्द ठरविल्यानंतर त्या राज्याने नवा कायदा करून १८ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले. टेक्सासमधील तरतूद गमतीची आहे. सप्टेंबर २०२१ पासून तेथे परवाना नसलेल्यालाही पिस्तूल बाळगता येते. ते दिसत असेल तर होल्स्टरमध्येच हवे, अशी अट आहे. लपविलेल्या पिस्तुलाला ती अट नाही. म्हणजे पाहणाऱ्याच्या नजरेची काळजी कायद्याने घेतली, बाळगणाऱ्याच्या मांडीची नाही.

भारतात चित्र वेगळे आहे आणि ते फारसे कोणाला ठाऊक नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर नेताना ते अंगाला लावलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पाठीवरच्या पिशवीत अथवा तशाच धारकात असावे लागते. ते पूर्ण झाकलेले हवे आणि बाळगणाऱ्याचा त्यावर परिणामकारक ताबा हवा. कमरेत नुसते खोचलेले पिस्तूल या नियमात बसत नाही, मग परवाना कितीही पक्का असो. याच नियमांनी परवान्यासाठी शस्त्र सुरक्षेचे प्रशिक्षण आणले. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रे ठेवण्याची मर्यादा घातली, तसेच लग्न-वरातीत हवेत गोळ्या झाडण्याला स्वतंत्र शिक्षा ठरविली. निष्काळजीपणामुळे दुसऱ्याचा मृत्यू झाला, तर जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवाना जातो तो वेगळाच.

मुंबईत परवाना पोलीस आयुक्तालयाकडून मिळतो, आयुक्तालय नसलेल्या जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडून. अर्जदाराची पार्श्वभूमी, जिवाला असलेला धोका, कागदपत्रे यांची छाननी होते. ज्यावर शस्त्राची सुरक्षितता रोज अवलंबून राहणार, ते होल्स्टर कसले आहे, हे मात्र परवानाधारकाच्या मर्जीवर सुटते.

बेकायदा गावठी कट्ट्यांचा विषय तर या साऱ्याच्या बाहेरचा. पोलिसांच्या पत्रकांत ते हटकून ‘कमरेला खोचलेल्या अवस्थेत’ सापडतात. त्यांना ना खटका, ना पिनेला अडविणारी व्यवस्था, ना ठरावीक माप. एका कारागिराचा कट्टा दुसऱ्याच्या कट्ट्यासारखा नसतो, तेव्हा त्यांच्या मापाचे होल्स्टर कोणी शिवण्याचा प्रश्नच येत नाही.